वेणूबाईचं हसू आणि गालाआडचा चट्टा

मंडळी, आज एकच विचारतो. नटावंसं वाटणं हे पाप आहे का? आरशात बघितलं, आपण बरं दिसावं असं मनात आलं, तर पांडुरंग रागावतो का हो? अहो, तो स्वतः रोज कस्तुरीचा टिळा लावून उभा राहतो! तो कुणाला बोलणार?

तर ऐका. आमच्या गावाकडं वेणूबाई म्हणून एक बाई. वय अठ्ठावन्न. नवऱ्याला सगळे तात्या म्हणायचे. धाकटी लेक सुमन, तिचं लग्न ठरलेलं. आणि वेणूबाईच्या मनात एकच — या लग्नाच्या फोटोत आपण तोंड उघडून हसायचं! तीस वर्षं मशेरी लावलेली, भाजलेल्या तंबाखूची पूड! दात काळेकुट्ट. थोरल्या लेकाच्या लग्नाचा अल्बम बघा, प्रत्येक फोटोत तोंडाला पदर. लग्नाला आली की मयताला, कळेना!

तात्या म्हणाले, "चल, तालुक्याला डॉक्टरीणबाई हायत. दात पांढरे करून देत्यात म्हणं."

आता गंमत! निघायच्या सकाळी हिनं काय केलं? "घाणेरडं तोंड घेऊन कशी जाऊ?" म्हणून दोनदा मशेरी घासली! ...हसू नका, काकू! तिसऱ्या रांगेतल्या, तुम्हीच! तिच्या लेखी दात घासणं म्हणजे तेच हो.

डॉक्टरीण केतकी हुलवळे, लेकीच्या वयाची. वेणूबाई बसायच्या आधीच म्हणाली, "पोरी, जाईच्या कळीवानी कर बाई. लग्न तीन आठवड्यांवर आलंय."

"करता येतात, मावशी. एक तर इथं मी औषध लावते, तासा-दीड तासात रंग उजळतो. नाहीतर तुमच्या दातांच्या मापाचा साचा देते, त्यात जेल भरून घरी रोज लावायचं, दोनेक आठवडे. थोडे दिवस गार पाणी झोंबेल. आणि रंग जन्मभर टिकत नाही हं. चहा-मशेरी चालू ठेवली तर लवकरच जाईल."

"आणि ह्यो पुढचा?" तात्यांनी विचारलं. वेणूबाई विहिरीवर पडली, दात मोडला, तेव्हा बसवलेला.

"ती कॅप. तिला औषध लागू होत नाही. बाकीचे उजळले की ती एकटी पिवळी दिसेल, मग बदलावी लागेल."

"म्हंजे तुमच्यासारखीच!" वेणूबाई नवऱ्याला म्हणाली. "कायबी लावा, फरक न्हाई!"

"पण मावशी, तपासल्याशिवाय मी औषधाला हात लावत नाही. आ करा."

आ केला. आणि डॉक्टरिणीनं दिवा जवळ ओढला.

डाव्या गालाच्या आत, जिथं मशेरीचं बोट रोज टेकायचं, तिथं नखाएवढा पांढरा चट्टा! पुसला — निघेना.

"मावशी, पांढरं करायचं राहू दे आता. याचा तुकडा तपासायला पाठवू. असले चट्टे कधीकधी कॅन्सरकडं जातात."

वेणूबाई रडली. म्हणाली काय? "म्हंजे लग्नात परत तोंड झाकायचं का गं?"

मंडळी, जिवावर बेतलंय आणि हिला फोटोची काळजी! वेडी म्हणाल? मी नाही म्हणणार.

घरी येताच तात्यांनी मशेरीचा डबा उकिरड्यावर फेकला. ती कडाडली, "आधी तुमची तंबाखू टाका!" टाकली हो त्यांनी, तिथंच! मग आठ दिवस दोघं ओट्यावर बडीशेप चघळत बसलेली, एकमेकांवर पाळत ठेवून! चिडायची, भांडायची, डोकं धरून बसायची. पण हटली नाहीत.

रिपोर्ट आला. कॅन्सर नाही! "वेळेत आलात," डॉक्टरीण म्हणाली. "मशेरी पुन्हा नाही. आणि सांगेन तेव्हा तोंड दाखवायला यायचं." दात नुसते साफ करून दिले. काळं गेलं, पिवळं राहिलं.

लग्नात फोटोवाला म्हणाला, "मावशी, हसा!" हात पदराकडं निघाला, आणि तात्यांनी तो धरला. सगळ्या वऱ्हाडापुढं!

"अवं सोडा, लोक बघत्यात!"

"बघू दे की. जित्ती बायको हाय माझी."

हसली हो ती! पिवळ्या दातांनी, अगदी पोटापासून!

आता सांगा, पाप कुठं आहे? मशेरी सोडा म्हणून आम्ही कीर्तनकार घसा फोडून सांगत होतो, ऐकलं का तिनं? पांडुरंगानं हौसेचं बोट धरलं आणि बाईला खुर्चीत नेऊन बसवलं!

आणि तुम्ही? कमरेची डबी चाचपताय ना? चाचपा! पण उद्या सकाळी चहाला बसाल, तेव्हा समोरच्या आपल्या माणसाला म्हणा, "आ कर बघू." इतकी वर्षं एका ताटात जेवलात, एकदा तरी आत डोकावलात का?