नाव घातलेला हंडा

“हॅलो? … हॅलो, पालघर? … कमलाकांत शेठचं भांड्यांचं दुकान ना? … शेठच बोलताय? बरं झालं बाई. मी बोईसरहून बोलतेय… नाही, नाही, काही घ्यायचं नाहीय. ओळखा बघू कोण… अहो, इतक्यात विसरलात? भरल्या दुकानात तुम्ही जिला म्हणालात, ‘ही घाटावरची माणसं वापरून वापरून वस्तू परत आणतात’… हां. आता कसं आठवलं! सुगंधा चंद्रभान वाकचौरे. तीच मी.”

सुगंधाने रिसीव्हर दोन्ही हातांनी घट्ट धरला होता. टेलिफोन घरमालकांचा. अणुशक्तीच्या कामावर रेतीचे ट्रक लावल्यापासून मालकांच्या ओटीवर हे काळं धूड येऊन बसलं होतं. त्याच कामावर फिटर असलेला सुगंधाचा नवरा चंद्रभान त्यांच्या चाळीत भाडेकरू होता. मालकीण रंभाबाई आत चैत्रातल्या हळदीकुंकवासाठी डाळ वाटत बसल्या होत्या. फोन कशाला हवा, असं त्यांनी विचारलं तेव्हा सुगंधा म्हणाली होती, “पालघरच्या एका माणसाकडून हरवलेली वस्तू सापडलीय, त्याला कळवते.” यात खोटं काहीच नव्हतं.

“ठेवू नका! फोन ठेवू नका, शेठ. ठेवलात तर तुम्हीच पस्तावाल… पैशांचंच बोलायचंय, दुसरं काय? हंड्याचे पैसे… हो, तोच, तांब्याचा. माझ्या झुंबरच्या लग्नात द्यायला घेतलेला… झुंबर म्हणजे माझी धाकटी बहीण. घरी नेऊन पाणी भरलं तर बुडातून धार लागली. दुसऱ्याच दिवशी परत आणला की नाही? तुम्हीच म्हणालात, ‘ठेवून जा, बघतो.’ गेले ठेवून. पुन्हा आले तर म्हणे, बाई, हंडा तुम्हीच आपटलात. वर आणखी, नाव घातलेला माल आम्ही परत घेत नाही… अहो, पण नाव घातलं कोणी? तुमच्याच माणसाने, तुमच्याच दुकानात! फुकट घालून देतो म्हणून तुम्हीच मागे लागलात… ऐका तरी. बरं, पैसे नाही तर निदान माझा हंडा द्या म्हटलं, तर म्हणालात मोडीत गेला. हो ना? … नाही, एकदा नीट सांगा. मोडीत गेला? … वितळवला? … अगदी तुमच्या डोळ्यांदेखत?”

सुगंधाने डोळे मिटले. हे उत्तर तिला हवंच होतं, आणि शेठनी ते आपण होऊन तिच्या पदरात टाकलं होतं.

“मग शेठ, तो वितळलेला हंडा माझ्या समोर उभा आहे, त्याचं काय करू?”

पलीकडे कुठेतरी एक ताट घरंगळलं.

“कुठे म्हणजे? तुमच्या लेकीच्या रुखवतात… हो, उषाच्याच. मी कुठून बोलतेय असं वाटलं तुम्हाला? तुमच्या विहीणबाईंच्या ओटीवरून बोलतेय! आम्ही भाडेकरू त्यांचे… तुम्हाला कसं माहीत असणार? घाटावरची माणसं कुठे राहतात, हे तुम्ही कशाला विचाराल?”

नव्या सुनेचं पहिलं हळदीकुंकू, म्हणून तिचं रुखवत गौरीपुढे मांडायचं रंभाबाईंनी ठरवलं होतं, आणि हाताशी सुगंधाला बोलावलं होतं. हंडा पाटावर ठेवताना गळ्याखालच्या पोच्यावर तिचं बोट पडलं आणि ती थबकली. नाव घालताना दुकानातच पडलेला हा पोचा तिच्या ओळखीचा होता. त्याच्या शेजारी लाल बेगडीचं एक मोठं कमळ चिकटवलेलं. बाकी कुठल्याच भांड्यावर असलं कमळ नव्हतं. तिने नखाने पाकळी सोलली आणि आतून तिचंच नाव निघालं: ‘सौ. सुगंधा चंद्रभान वाकचौरे यांजकडून.’

त्या नावाकडे बघताना तिला झुंबरच्या लग्नाचा मांडव आठवला. ती रिकाम्या हाताने गेली होती. भावजयीने सगळ्यांदेखत विचारलं होतं, “वन्सं, तुमचा हंडा गाडीतच राहिला वाटतं?” मांडवभर खसखस पिकली होती. तेव्हापासून सुगंधाच्या मनात हा भांडेवाला रोज एकदा तरी रस्त्यात आडवा पडून पाणी मागत होता आणि ती त्याला ओलांडून पुढे जात होती.

“कामगाराची चूक? बरं. भोक बुजवायला कथील कामगारानेच लावलं. आणि बेगड? ती नेमकी माझ्या नावावरच बसली? कामगार भारीच हुशार दिसतोय, शेठ, पगार वाढवा त्याचा… नाही, अजून कोणी बघितलं नाही. नाव मी भिंतीकडे फिरवून ठेवलंय. पण फिरवलेला हंडा परत फिरवायला कितीसा वेळ लागतो? आता बायका येतील. रंभाकाकूंनी दांडीपासून वाणगावपर्यंत आमंत्रणं केलीत. एकेक जण वाकून वाचील. भांड्यांचा एवढा मोठा दुकानदार, आणि लेकीच्या रुखवतात दुसऱ्याच्या नावाचा हंडा! … आता का आवाज बसला? … उषाचं तोंड बघून सोडून देऊ? माझ्या झुंबरचं तोंड बघितलं होतं तुम्ही?”

लाइनीवर तिसराच आवाज घुसला.

“कोण? … कोण बोलतंय मधेच? … हां, एक्सचेंजवाले दादा. वेळ संपली? वाढवा हो दादा, वाढवा. ट्रंक कॉलचे पैसे शेठच देणार आहेत… देणार ना, शेठ? … बघा, हो म्हणाले. आणि दादा, ऐकतच आहात तर नीट ऐका, साक्षीला राहा.”

आता तिचा आवाज एकदम मऊ झाला. चंद्रभानने हा मऊ आवाज ऐकला असता, तर तो चप्पल घालून बाहेर निघून गेला असता.

“तर शेठ, पहिली गोष्ट. दुकानात गिऱ्हाईक आहे ना? … आहेच. लग्नसराई आहे, मला भांड्यांचा आवाज येतोय. तर आता मोठ्याने म्हणायचं, ‘हंडा आमच्या दुकानातूनच गळका गेला’… कुजबुजू नका, अपमान केलात तेव्हा कुठे कुजबुजला होतात? … अजून मोठ्याने… हां. आता म्हणा, ‘बाई खोटं बोलल्या नव्हत्या.’ … पुन्हा. शेवटचा शब्द गिळलात… ‘नव्हत्या’, ‘नव्हत्या’ म्हणा! … कोण हसलं तिकडे? … हसू दे. मलाही हसले होते.”

तिच्या छातीवरचं काहीतरी उतरलं. तिला वाटलं होतं त्याहूनही हे गोड होतं, आणि तिला आणखी हवं होतं.

तेवढ्यात मधल्या खोलीतून पाणी भरणाऱ्या जिवलीची हाक आली, “उषाबाय, ह्यो हंडा गलतंय! पानीच राहात नाय यात!”

सुनेच्या हंड्यातलं पाणी बायकांना द्यायचं, म्हणून रंभाबाईंनीच जिवलीला हंडा भरायला सांगितलं होतं. शेठचं कथील दगा देऊन मोकळं झालं होतं. पाणी रांगोळीतून वाट काढत उंबऱ्यापर्यंत आलं.

“ऐकलंत, शेठ? तुमचा हंडा बोलायला लागला… गळतोय. धो धो गळतोय. मी काही केलं नाही, देवाशपथ. थांबा जरा…”

उषा धावत आली. हंडा उचलायला तिने तो फिरवला, आणि नाव तिच्याकडे तोंड करून उभं राहिलं. तिने वाचलं. सोललेल्या बेगडीकडे पाहिलं. मग दारातून सुगंधाकडे, तिच्या हातातल्या टेलिफोनकडे. भांडेवाल्याची मुलगी ती, तिला फोड करून सांगायची गरज नव्हती. तिचा चेहरा उतरला. ती मान खाली घालून, ओल्या पदराचं टोक पिळत तशीच उभी राहिली.

झुंबरही मांडवात अशीच उभी होती.

सुगंधाला रागच आला. शेठचा आला, स्वतःचा आला, आणि ऐन वेळी असं तोंड करून समोर येणाऱ्या या पोरीचाही आला. इतके दिवस घासून धार लावलेली सुरी, आणि ती फिरणार होती ती या लेकराच्या मानेवर. बाप तिकडे पालघरला गादीवर बसून राहणार आणि आयुष्यभर सासूचं बोलणं ऐकणार ती ही.

“शेठ, फोन कानालाच ठेवा. आता मी इकडे जे बोलेन, ते ऐका… जिवले, पाणी ओतून टाक, हंडा रिकामाच ठेव पाटावर. नाव पुढे कर… पुढे, पुढे! उषा, अगं मान वर कर… रंभाकाकू! अहो, जरा बाहेर या. हात राहू दे ओले… हे बघा, मगाशी सांगायचं राहिलं. हा हंडा माझा आहे. उषाला माझ्याकडून. तुमच्या व्याह्यांच्याच दुकानात घेतलेला, तिथूनच रुखवतात आला… हो, वाचा ना, नावच घातलंय की! भाडेकरू झालो म्हणून आहेर करू नये का आम्ही?”

रंभाबाईंनी वाकून एकेक अक्षर वाचलं. भाडेकरणीने तांब्याचा हंडा द्यावा, ही गोष्ट त्यांना भलतीच आवडली. पण रंभाबाई त्या रंभाबाईच. सरळ होता होता त्यांनी विचारलं, “मग व्याह्यांचा हंडा कुठेय? रुखवतात एकच तर हंडा आला होता.”

उषाने श्वास धरला. टेलिफोनच्या आत, पालघरला, आणखी कोणीतरी धरला.

“व्याह्यांचा ना, काकू? अहो, तो आजच येतोय! शेठच आहेत फोनवर, तेच सांगत होते. खास घडवायला टाकला होता, म्हणून उशीर झाला… हो ना, शेठ? … हो म्हणाले. केवढा म्हणता? … ह्याच्या दीडपट! … काकू म्हणतायत, कशाला एवढा मोठा. पण ऐकत नाहीत हो ते. एकुलती एक लेक आहे म्हणतात.”

रंभाबाई खूश होऊन आत वळल्या. उषा हलली नाही. तिने फक्त हंड्यावर राहिलेली बेगडीची शेवटची पाकळी नखाने काढली आणि मुठीत धरली. सुगंधाने तिच्याकडे न बघता तोंड टेलिफोनला लावलं.

“आहात ना, शेठ? … रडू नका. नाही, आभार मुळीच मानू नका, मी तुमच्यासाठी काही केलं नाही. उलट आताच तर खरा हिशोब. तुमच्या माणसाला पुढच्या गाडीत बसवा. मोठा हंडा द्या त्याच्याजवळ, पाणी भरून बघा आधी. आणि माझे पैसे. पूर्ण, मोडीच्या भावाने नाही… म्हणजे काय? पैसे तर द्यायचेच! त्या पैशांचा झुंबरला दुसरा हंडा घेणार मी, दुसऱ्या दुकानातून… काय म्हणता? पैसे दिले तर हा हंडा तुमचा? … तुमचा कसा? नाव कोणाचं आहे त्याच्यावर? … इथंच राहील तो, उषाच्या घरात. चांगल्या कारागिराकडून बूड नीट करून घेऊ. तुम्ही लेकीकडे याल, दमून बसाल, ती ह्याच हंड्यातलं पाणी तुम्हाला देईल. पिता पिता वाचायचं माझं नाव. दर खेपेला… हो, जन्मभर.”

बाहेर ओटीच्या पायरीशी बांगड्या वाजल्या. पहिल्या बायका येऊन चपला काढत होत्या.

“चला, ठेवते, बायका आल्या… हां, एक राहिलं. नव्या हंड्यावर नाव घालून पाठवा. तुमचं. चांगलं खोल, ठसठशीत… कशाला म्हणजे? उद्या परत न्यावासा वाटला तर? नाव घातलेला माल परत घेत नाहीत, शेठ. तुम्हीच सांगितलंत मला.”

आणि तिने फोन ठेवला.