भिंती तपासल्या, हाडं तपासली न्हाईत

तुमच्या घरातला कोणी बापमाणूस दर तीन महिन्याला कॅन्सरचं इंजेक्शन घ्यायला जातो का, आन् जात असंल तर त्याच्या हाडांचं कोणी विचारलंय का? मला न्हाई विचारलं.

मी शिरूर अनंतपाळकडचा गवंडी, बौद्धवाड्यातला, बाप दगड फोडायचा. भूकंप झाला तवा मी पस्तिशीत होतो, मातीत रचलेली दगडांची घरं माणसांवर बसलेली, ती या हातांनी उपसली. मग नवी गावं बांधाय लागलो. तिथं एक इंजिनिअर होता, लई कडक, हादऱ्यात भिंत फुटू नये म्हणून सळयांचा पट्टा घातला का ते स्वतः शिडीवर चढून बघायचा, न्हाई दिसला तर म्हणायचा पाड. मी शिव्या द्यायचो, पण शिकलो. पुढं लातूरला क्लासेस वाढले, पोरांची होस्टेलं उठली, कितीतरी मी बांधली. माझी लेक सुनंदा तिथंच एका क्लासमधी जीवशास्त्र शिकवते, डॉक्टर व्हायला आलेल्या पोरांना.

मग मला प्रोस्टेटचा कॅन्सर निघाला. नांदेडच्या दवाखान्यात म्हणले, पुरुषी हार्मोन या रोगाला खत घालतं, ते बंद करायचं इंजेक्शन घ्या. घेतलं. रोग दबला, त्याला नावं ठेवत न्हाई. पण काय सांगू तुम्हाला, अंगातून वाफा येतील हे सांगितलं, थकवा येईल हे सांगितलं, आन् त्याच हार्मोनवर हाडंबी उभी असतात, त्याचं एक अक्षर न्हाई!

लेकीला मी काही कळू दिलं न्हाई. असल्या जागेचं दुखणं बाप लेकीला सांगतो का? नांदेडला साडूकडं चाललो म्हणायचो, बायकोला शपथ घातली होती. सुनंदा म्हणायची, आबा, लई फेऱ्या वाढल्या, साडूकडं रोज पंगत बसते का काय?

दोन वर्षांनी पाठ दुखाय लागली. मी गवंडी, माझी अक्कल गवंड्याची. तडा गेलेल्या भिंतीवर भार टाकायचा न्हाई, टेकू द्यायचा. म्हणून काम सोडलं, चालणं सोडलं, पाठीला उशी लावून दिवसभर बाजेवर बसून राहिलो. आन् हाडाचं उलटंच असतं की वो, झेपंल तेवढा भार पडल्याबिगर ते घट्ट राहत न्हाई. मला कुठून कळावं? एका सकाळी घागर उचलली, अर्धीबी भरली नव्हती, पाठीत कट्‌कन वाजलं आन् मी खालीच बसलो.

लातूरला नेलं, मणका दबला होता. डॉक्टरांनी नांदेडची फाईल मागितली, ती सुनंदानं वाचली. रडली न्हाई, भडकली. म्हणली, आबा, हार्मोन गेलं की हाडं पोकळ होतात हे मी फळ्यावर लिहिते, पोरं पाठ करून मार्क घेतात, आन् माझ्याच बापाचा मणका मोडला? मी म्हणलो, लाज वाटली बाई. ती म्हणली, भिंत कलली असती तर इंजिनिअरपासून लपवली असती का तुम्ही?

मग मला घेऊन ती नांदेडला गेली. डॉक्टरला म्हणली, इंजेक्शन सुरू करताना हाडांची तपासणी का केली न्हाई? तो म्हणला, पेशंटनं विचारलं न्हाई, आन् प्रत्येकाला समजावत बसलो तर बाहेरची रांग कधी संपायची? वा! सळई न घालता भिंत उभी करायची आन् मालकानं विचारलं न्हाई म्हणायचं! मी असं बोललो असतो तर त्या इंजिनिअरनं थापीसकट हाकललं असतं.

आता तपासणी झाली. कॅल्शियमच्या गोळ्या चालू हायत, हाडांच्या औषधानं कधी जबड्याला इजा होते, म्हणून ते द्यायच्या आधी दातबी बघितले. कॅन्सरचं इंजेक्शन मी रागानं सोडाय निघालो होतो, लेकीनं अडवलं, ते चालूच हाय. मुक्काम लातूरला लेकीकडंच हाय, रोज सकाळी तिचा हात धरून मीच बांधलेल्या होस्टेलांसमोरून चालतो. मणका दबून उंची गेली ती गेली. बिल्डिंगी ताठ हायत, त्यातली पोरं सुखी राहोत, डॉक्टर होवोत, पण सांगणारे डॉक्टर होवोत.

तुमच्या घरातला माणूस लाजंल, बोलायचा न्हाई. तुम्हीच त्याची फाईल मागा. पुढच्या इंजेक्शनला सोबत जा, विचारा, यांची हाडं कधी तपासली? आन् उत्तर मिळाल्याबिगर खुर्चीवरून उठू नका.