डावी बाजू मेजरची

जबाब देणार: सगळे मला बाइंडर म्हणतात. वय ६९ वर्षे, धंदा पूर्वी पुस्तकबांधणी, सध्या घरीच. राहणार छापखान्यामागची इमारत, दुसरा मजला.

मी आज आपण होऊन पोलीस ठाण्यात आलो असून समक्ष सांगतो की, वरील पत्त्यावर मी मुलीकडे राहतो. चौकात बेकरीच्या टेम्पोची धडक बसून जखमी झालेले निवृत्त वायरमन, ज्यांना सगळे मेजर म्हणतात, ते माझे शाळेपासूनचे मित्र आहेत. पुढे मी त्याचा उल्लेख एकेरी करतो, दुसरे जमणार नाही. अपघाताच्या दिवशी मला विचारले तेव्हा 'नीट पाहिले नाही' असे मी सांगितले होते. मी पाहिले होते. टेम्पोचालक कोठडीत आहे म्हणून आता सांगतो.

मेजर हे नाव त्याला गेम पार्लरच्या मालकीणबाईंनी दिले. चौकाजवळच्या त्यांच्या पार्लरमध्ये एक जुने मशीन आहे. त्याला वायरने बांधलेल्या दोन प्लॅस्टिकच्या बंदुका आहेत. प्रयोगशाळेतून सुटलेले म्यूटंट, म्हणजे धड माणूस नाही धड जनावर नाही असे जीव, पडद्यावर अंगावर येतात आणि लष्कराचे दोन एजंट त्यांना गोळ्या घालत पुढे सरकतात. आम्ही ऐन चाळिशीत ते एजंट झालो. नोकऱ्या सुटल्या, ही सुटली नाही. दर बुधवारी संध्याकाळी आम्ही हजर.

आमचा नियम असा, की पडद्याचा डावा अर्धा भाग मेजरचा, उजवा माझा. एकाने दुसऱ्याच्या भागात गोळी घालायची नाही. पडद्याबाहेर नेम धरून चाप ओढला की बंदूक पुन्हा भरते. दोघांनी एकदम भरली तर तेवढ्यात म्यूटंट डाव साधतात. म्हणून आम्ही कविता म्हणत खेळतो. शाळेत गुरुजी आम्हा दोघांना उभे करून एकेक चरण आळीपाळीने म्हणवून घेत. फळ्याजवळची ती उन्हाची तिरीप मला अजून दिसते. तसेच इथे. भुजंगप्रयाताचा एक चरण त्याने म्हणायचा, तेवढ्यात मी बंदूक भरायची. पुढचा मी म्हणायचा, तेवढ्यात त्याने. हवालदारसाहेबांनी "आजोबा, हेही लिहायचं का?" असे विचारले. लिहा म्हटले, पुढचे सगळे त्यावरच आहे.

गेले काही महिने मेजरचा एजंट आधी मरू लागला. डाव्या कडेने येणारे म्यूटंट तो सोडून देई. बंदूक बिघडली आहे असे त्याचे म्हणणे. मालकीणबाईंनी नेम तपासला, तो बरोबर होता. नंतर तो माझ्या भागात गोळ्या घालू लागला. मला वाटले, मला कमी लेखतो आहे.

त्या बुधवारी मोठा म्यूटंट डावीकडून भिंत फोडून आला. मेजर माझ्या बाजूचे किरकोळ मारत बसला.

"अरे, तुझ्या बाजूला बघ!"

"बघतोय की. तू तुझं सांभाळ, कवी."

"माझं शिल्लक ठेवतोयस कुठे?"

"मग मार ना पटापट. हात म्हातारे झाले वाटतं."

मालकीणबाई काउंटरवरून म्हणाल्या, "भांडा, भांडा. घरी कुणी ऐकत नाही तुमचं."

मी खेळ चालू असताना बंदूक खाचेत ठेवली. "टाळ्या वाजवायला मी येत नाही," असे म्हणून बाहेर पडलो. तो मागून "अरे, चरण तरी पुरा कर!" असे ओरडला. मी केला नाही.

एरवी आम्ही बरोबर निघतो आणि मी त्याच्या डाव्या हाताला चालतो, कशामुळे ते सांगता येणार नाही, सवय आहे. त्या दिवशी मी रस्ता ओलांडून समोरच्या फूटपाथवर थांबलो होतो. तो येऊन समजूत काढील असे वाटत होते. तो आला. मला पाहून त्याने हात वर केला. मी तोंड फिरवले, पण तो उतरतो आहे हे मला दिसत होते. सिग्नल टेम्पोच्या बाजूने हिरवा होता. मेजर अर्धा रस्ता ओलांडून पुढे आला तेव्हा टेम्पो त्याच्या डावीकडून हळू येत होता. चालकाने हॉर्न दिला, ब्रेक लावला, तरी धडक बसली. चालक लगेच उतरला. त्याने मेजरचे डोके मांडीवर घेतले आणि "बाबा, बाबा" म्हणत राहिला.

हे मी त्या दिवशी सांगितले नाही, कारण मित्रावर दोष येईल असे वाटले. वहिनीही, म्हणजे मेजरच्या पत्नी, म्हणाल्या होत्या, "भावोजी, तुम्ही तिथेच होतात. त्या मेल्याला सोडू नका." मी मान हलवली.

काल मी दवाखान्यात गेलो. भिंतीलगतच्या स्टुलावर, म्हणजे त्याच्या डाव्या बाजूला, बसलो. तो जागा होता. माझ्याशी बोलेना, तेव्हा राग आहे असे समजून मीही गप्प राहिलो. थोड्या वेळाने नर्स पायथ्याशी आल्या. त्याने त्यांना विचारले, "तो रुसूबाई आला होता का हो?" नर्सनी माझ्याकडे पाहिले. तो म्हणाला, "आला तर सांगा, तुझ्या बाजूला गोळी घालणार नाही म्हणावं आता."

डॉक्टरांनी नंतर बोट फिरवून तपासले. त्याला दोन्ही डोळ्यांनी डावीकडचे दिसत नाही. हे अपघाताने झालेले नाही, बऱ्याच महिन्यांपासूनचे असावे, असे ते म्हणाले. त्याचे त्यालाही कळले नव्हते. त्याच्या डावीकडे काय येते ते आम्हा दोघांत फक्त मलाच दिसत होते. चालकाचा यात दोष नाही.

हा जबाब मला वाचून दाखवला. मेजर 'निष्काळजीपणे' रस्त्यावर उतरला असे लिहिले गेले होते, तो शब्द मी काढायला लावला. बाकी माझ्या सांगण्याप्रमाणे आणि खरे आहे. एक राहिले, तेही लिहावे. नर्स गेल्यावर मी उठून पलंगाला वळसा घालून त्याच्या उजवीकडे गेलो. तो दचकला. "अरे, केव्हा आलास?" असे त्याने विचारले. "आत्ताच," असे मी सांगितले.

समक्ष सही.