गॉर्डनसाहेबांचा बिल्ला

इराकी सैन्य कुवेतमध्ये शिरल्याला महिना होत आला होता. मायदेशी निघालेली नर्स उल्का बसच्या रांगेत उभी होती. पुढचं जोडपं, आपली मराठी इथे कुणाला कळतेय, अशा भरवशावर बोलत होतं.

"बिल्ला नीट ठेवलास ना?"

"परकराच्या नेफ्यात शिवलाय. अहो, त्यावर हरणाचं डोकं कशाला?"

"स्कॉटलंडातल्या गॉर्डनसाहेबांच्या कुळाची खूण ती. भोवतीचा पट्टा म्हणजे लावणारा त्या कुळाचा माणूस. आजोबांपासून चालत आलाय. माझ्या मुलीला पोचवा म्हणाले, माझं काही खरं नाही."

"असं म्हणाले?"

"हसत म्हणाले."

"म्हणजे आपल्या देवांच्या टाकांसारखंच की. सासूबाईंनी माझ्या ओंजळीत ठेवले तसं."

"टाक कुठेत गं? काढ जरा, आज नमस्कार राहिलाय."

ती पदर सारखा करू लागली.

"प्रेमा, तुला विचारतोय."

"मंगफच्या घरीच आहेत. देव्हाऱ्यात."

"विसरलीस?"

"देव विसरेन होय मी?"

"अगं, चार पिढ्यांचे देव ते!"

"माहितेय. पण इराकी गोऱ्यांना धरून नेतात म्हणून गॉर्डनसाहेब आपल्याच घरात लपलेत ना, पडदे ओढून? स्वतःचं कूळ उतरवून आपल्या हाती दिलं त्यांनी. एकट्या माणसाला मागे ठेवायचं आणि देवही उचलून न्यायचे, हे काही मला जमेना."

रांग सरकली, तेव्हा पिशवी खाली ठेवून त्याने मंगफच्या दिशेला हात जोडले.