अंबूबाईचे गुडघे

भोरच्या स्टँडवर मी वेल्ह्याच्या एसटीची वाट बघत होतो. शेजारच्या बाकावर विंझरचं एक म्हातारं जोडपं बसलं होतं. दोघांच्या मधे फरशीचे दोन नमुने ठेवले होते.

"अवो, त्या दुकानदाराला तुमी काय सांगितलं?"

"काय सांगणार? आमच्या मंडळींचे गुडघे गेल्यात, खुर्चीवाला संडास दाखवा म्हणालो."

"माजे गुडघे? परवा दिवसभर वाकून भात लावला म्या!"

"हळू बोल, अंबू. लोक ऐकत्यात."

"ऐकू द्या की. आपल्या पोराला, अमृतलाबी हेच सांगितलंत व्हय? तरीच सूनबाई रोज माज्यासाठी तेल गरम करून आणतीया."

"मग काय करू? ह्यो ज्ञानू जित्ता हाय तोवर घरात खुर्चीचा संडास यायचा न्हाई, असं मीच गावभर बोलून बसलो. आता कुठल्या तोंडानं मागू?"

"आन् रोज सकाळी संडासातनं मला हाका मारता, हात धरून उठवायला, त्ये?"

"तुज्या पाया पडतो, पण कुणाला सांगू नको."

"पाया तरी पडता येईल का तुमास्नी?"

"त्येच तर दुखणं हाय, अंबू."

"बरं. गुडघे माजे, तर फरशीबी माज्याच पसंतीची. ही मोराची घेऊ."

"संडासात मोर? लोक हसतील."

"मग अमृतला फोन लावू का?"

"घे बाई, मोर घे."

एसटी लागली. आजोबांनी बाकाला हात रेटून बघितलं, पण उठता येईना. आजींनी नमुने काखेत मारले आणि हात पुढं केला.

"धरा. कुणी इचारलं, तर म्हणा, हिला आधार देतोय."