एका आडनावाची दोन घराणी

वहिनी : दार उघडतेस की ढकलू, वन्सं?

नणंद : लांबूनच बोल. आणि बाळाला कशाला आणलंस इकडे? ने तिला तुमच्या खोलीत.

वहिनी : नाही नेत. लॅबमधून निघाले, पाळणाघरातून हिला उचललं आणि थेट तुझ्या दारात. रिपोर्ट आलाय.

नणंद : माहितीये काय असणार. माझ्या नाकात जंतू सापडला, वॉर्डातल्या तीन बाळांच्या रक्तातही सापडला. मोठे डॉक्टर सगळ्यांदेखत म्हणालेच, या सिस्टरकडून गेला.

वहिनी : दोन्ही एकच, हे ठरवलं कुणी?

नणंद : दोघेही त्याच औषधांना दाद देत नाहीत. आणखी काय हवं?

वहिनी : अगं, आडनाव सारखं म्हणून सगळे एका घरातले होतात का? सगळ्या जंतूंची जनुकं वाचली आम्ही. तिन्ही बाळांचा जंतू एका घराण्याचा. तुझा भलत्याच. लांबचं नातंसुद्धा नाही!

नणंद : माझ्या समाधानासाठी नाही ना बोलत?

वहिनी : तुझ्या समाधानासाठी मी भाजीत तिखट कमी घालते. रिपोर्टात काही कमी-जास्त करत नाही.

नणंद : मग आला कुठून?

वहिनी : सलाईनची सुई कशाने चिकटवता?

नणंद : टेपने. तुकडे आधीच फाडून ट्रॉलीच्या कडेला लावून ठेवतो. बाळ हातपाय झाडायला लागलं की वेळ कुठे असतो?

वहिनी : आणि रोल?

नणंद : एकच. या बाळाकडून त्या... अगं आई गं!

वहिनी : हात धुता, ट्रॉली पुसता. टेप कोण धुणार? त्या रोलवर सापडलं बघ तेच घराणं.

नणंद : म्हणजे आम्ही सगळ्यांनीच.

वहिनी : सगळ्यांनीच. मोठ्या डॉक्टरांनीसुद्धा. आज सगळ्यांदेखतच त्यांनी शब्द मागे घेतला. आता प्रत्येक बाळाला स्वतःचा रोल.

नणंद : आणि ते बारकं? सगळ्यात अशक्त होतं ते?

वहिनी : नळी काढली त्याची. दूध ओढतंय, वॉर्ड डोक्यावर घेतोय पठ्ठ्या. मेट्रन म्हणाल्या, उद्या सकाळी परत कामावर ये.

(दार उघडतं.)

वहिनी : रडतेस काय वेडे? जिंकलीस तू!

नणंद : हिला दात आला, तोही मी लांबूनच पाहिला गं.

वहिनी : नाकात लावलेल्या मलमाने तुझं नाकही साफ झालंय, तोही रिपोर्ट आलाय. धर आता आत्याबाई, हात भरून आले माझे.

नणंद : थांब. आधी हात धुऊन येते.