झाकणावर बांधलेली नाडाछडी

सन्माननीय अध्यक्ष माणिकराव, व्यासपीठावरची संचालक मंडळी, आज ज्यांना आपण निरोप देतोय ते आपले फोरमन जहांगीरचाचा, त्यांच्या शेजारी बसलेल्या नूरजहांचाची, आणि समोर जमलेले हमालबंधू, कापूस घेऊन येणारे शेतकरी आणि कापसातली सरकी काढणाऱ्या रेच्यांवर काम करणाऱ्या माझ्या बायांनो, तुम्हा सगळ्यांना या छायाचा नमस्कार.

चाचांचं कौतुक करायचं म्हणजे पंचाईतच. कमी केलं तर त्यांना राग येतो, आणि भरपूर केलं तर म्हणतात, "अजून एक राह्यलं पाह्य." चाचा, आज मी एकच गोष्ट सांगणार आहे. मान हलवू नका, एकच!

दसऱ्याला आपल्या जिनिंगमध्ये जनरेटरच्या इंजिनाची पूजा होते, आणि हंगामाचं पहिलं पाणी रेडिएटरमध्ये ओतण्याचा मान इंजिनघरातल्या नव्या माणसाला मिळतो. आयटीआय करून मी इथे नुकतीच लागले होते, त्या वर्षीची ही गोष्ट. इंजिनघरातली पहिली बाई म्हणून मी पाणी ओतलं तेव्हा बायांनी केवढ्या टाळ्या वाजवल्या होत्या! आणि पुढच्याच आठवड्यात रेडिएटर उघडला तर पाण्यावर डिझेलचा थर. वास पार दारापर्यंत.

आता संशय कोणावर जाणार, तुम्हीच सांगा. आपल्याकडे डिझेल आणि पाणी दोन्ही एकसारख्याच पांढऱ्या कॅनमध्ये ठेवलेलं असतं. आपले सुपरवायझर भगवंतराव म्हणाले, "पोरीनं पूजेच्या गडबडीत डिझेलचीच कॅन उपडी केली." भगवंतराव, हसताय काय, अगदी असंच म्हणाला होतात! यार्डात कापसाच्या गाड्या खोळंबलेल्या, विजेचा भरवसा नाही. छायाला इंजिनघरातून काढून वजनकाट्यावर पावत्या फाडायला बसवायचं, असं ऑफिसात ठरूनही गेलं. ते काम हलकं नाही, पण मी इंजिन शिकले होते. मला रडू आलं, खोटं कशाला बोलू?

मी चाचांना म्हटलं, "चाचा, मी पाणीच ओतलं होतं. तुम्ही तरी सांगा न सगळ्याइले."

चाचा म्हणाले, "मी काऊन सांगू? मी पाह्यलं थोडीच! पाना घे. इंजिनलेच इचारू."

आणि स्वतः स्टूल ओढून बसले. हात लावला नाही. मीच सगळं पाणी काढलं, साबणाच्या पाण्यानं आतून पुन्हा पुन्हा धुतलं. डिझेलचा एक थेंब मागे राहिला असता तर कोणी माझं ऐकलं नसतं. सगळ्यांसमोर स्वच्छ पाणी भरलं, झाकण लावलं. तेव्हा चाचांनी पूजेच्या ताटातली नाडाछडी उचलली आणि भगवंतरावांच्या हातात दिली. "तुमीच बांधा साहेब, म्हंजे मंग कोनाचं काई म्हननं नाई." झाकणाला गाठ बसली आणि इंजिन सुरू झालं.

दुपारी रेडिएटरच्या बाजूच्या नळीतून जास्तीचं पाणी बाहेर यायला लागलं. चालत्या इंजिनात पाणी थोडं कमी होईल, पण वाढेल कसं? इंजिन बंद करून थंड होऊ दिलं. नाडाछडीची गाठ जशीच्या तशी होती. ती भगवंतरावांनीच सोडली, झाकण काढलं, आणि आत पुन्हा डिझेल! म्हणजे कोणी ओतलेलं नव्हतं, इंजिनच आतून पाण्यात डिझेल सोडत होतं.

मग इंजिनात डिझेल फवारणारे सगळे इंजेक्टर काढले आणि हातपंपानं पाण्याच्या बाजूला दाब दिला. एका इंजेक्टरच्या जागेत पाणी झिरपलं. तिथे डिझेल आणि पाणी वेगळं ठेवणारी तांब्याची बारीक नळी असते, तिचं सील गेलं होतं. सगळ्या नळ्या आणि सीलं बदलली, डिझेलनं फुगलेले रबरी पाइप बदलले, पुन्हा धुतलं. जनरेटर सुरू झाला, रेचे फिरले, आणि पहिली हाक भगवंतरावांनीच दिली, "छाया, इंजिनघर सोडू नको वं!"

मंडळी, इतकी वर्षं मी समजत होते की चाचांचा माझ्यावर विश्वास होता. परवा चहा पिताना त्यांना तसं म्हटलं. तर म्हणतात, "इस्वास? मले बी तुह्याच कॅनचा संशय होता."

घटकाभर मला वाईट वाटलं. मग मान ताठ झाली. विश्वास ठेवणारी माणसं माझ्या घरात आहेत. पण मनात संशय असूनही पाना माझ्याच हातात देणारा माणूस मला एकच भेटला, आणि त्याच्या हाताखाली मी शिकले याचा मला फार अभिमान आहे.

चाचा, तुमचे मनापासून आभार. चाची, यांना आता तुम्ही सांभाळा. भगवंतराव, तुमचं नाव जरा जास्तच घेतलं. बोलताना कोणाचा मान राखायचा राहिला असेल तर घरच्या लेकीचं बोलणं समजून पोटात घाला. नमस्कार.